दोन मुठींवरचा ध्रुव

गावात कुणाचे घर विचारले तर पत्ता आकड्यांत मिळत नाही. वेशीतून आत या, पार ओलांडा, डाव्या हाताला पिठाची गिरणी लागेल, तिथे विचारा, असे सांगतात आणि माणूस बिनचूक पोचतो. आकाशातल्या ताऱ्यांचे पत्तेही आपल्या जुन्या माणसांनी असेच सांभाळले. तिकांड्याची रेघ खाली नेली की व्याध, वर नेली की रोहिणी. सप्तर्षींच्या बाजल्याचे पुढचे दोन खूर जोडून रेघ वाढवली की ध्रुव. एवढ्या खुणांवर शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या रात्रीची वेळ ओळखली, वाटसरूने दिशा ओळखली.

खगोलशास्त्राच्या पुस्तकात मात्र ताऱ्याचा पत्ता दोन आकड्यांत दिलेला असतो. पृथ्वीवरच्या गावाला जसे अक्षांश आणि रेखांश, तशी ताऱ्याला क्रांती आणि विषुवांश. तारा आकाशातल्या विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, ही त्याची क्रांती. वसंतसंपात या ठरावीक बिंदूपासून तो पूर्वेकडे किती दूर आहे, हा त्याचा विषुवांश. विषुवांश अंशांऐवजी तास-मिनिटांत मोजायची पद्धत आहे. १५ अंश म्हणजे एक तास. नवा धूमकेतू आला की त्याचे ठिकाण याच दोन आकड्यांत जाहीर होते, आणि बहुतेक वाचक तिथेच पान उलटतात.

आता फोन आकाशाकडे धरला की ताऱ्याचे नाव उमटते. सोय चांगली आहे आणि मीही ती वापरतो. पण फोन नुसते नाव सांगतो. तारा तिथेच का आहे आणि त्याच्याकडे पाहणारा मी पृथ्वीवर कुठे उभा आहे, हे उमजायला डोळे आणि हातच लागतात. गेली अनेक वर्षे शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या मुलांना मी रात्रीचे आकाश दाखवीत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की हे दोन आकडे नुसत्या डोळ्यांनी काढता येतात. आणि घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या काठावरच्या या दोन गावांना तर आकाशाने एक खास तराजूच बहाल केला आहे. त्याच्याकडे पुढे येतोच.

हातातले यंत्र

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यात यंत्रांवर एक अध्याय आहे. चक्र, चाप, फलक अशी नाना यंत्रे सांगून झाल्यावर ते ‘धीयंत्रा’ला, म्हणजे बुद्धीच्या यंत्राला, सर्वांत वरचे स्थान देतात. बुद्धिमान माणसाच्या हातात एक काठी असली तरी आकाशातले, जमिनीवरचे आणि पाण्यातले सगळे मोजायला ती पुरे, असा त्यांचा अभिप्राय आहे. आपल्याला तर काठीही नको. हात पुरेसा आहे.

हात सरळ लांब करा आणि एक डोळा मिटा. करंगळीची रुंदी आकाशात सुमारे एक अंश झाकते, मधली तीन बोटे पाच अंश आणि वळलेली मूठ दहा अंश. लहान मुलाची मूठ लहान, पण त्याचा हातही आखूड. त्यामुळे माप जवळपास तेच राहते. खातरजमा आकाशातच करून घेता येते. सप्तर्षींतल्या क्रतू आणि पुलह या ताऱ्यांमध्ये साडेपाच अंशांहून किंचित कमी अंतर आहे. क्रतूपासून शेपटाच्या टोकाच्या मरीचीपर्यंत अडीच मुठी भरतात. पूर्ण चंद्र केवढा मोठा वाटतो! पण तो जेमतेम अर्धा अंश असतो, आणि लांब धरलेल्या करंगळीआड सहज दडतो.

आता उत्तरेला तोंड करून मुठीवर मूठ रचा. शिरूरला क्षितिजापासून दोन मुठी रचल्या की ध्रुव दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेआड, करंगळीभर खाली सापडतो. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. आकाशाचा उत्तर ध्रुव क्षितिजापासून जितका उंच, तितकेच त्या गावाचे अक्षांश. शिरूरचे अक्षांश सुमारे १८ अंश ५० कला, दौंडचे सुमारे १८ अंश २८ कला. साठ कलांचा एक अंश, तेव्हा दोन्ही गावांत फरक २२ कलांचा, म्हणजे चंद्राच्या रुंदीहूनही कमी. मुठीने तो कळणार नाही. त्याला जरा युक्ती लागते.

डोक्यावरची स्वाती

क्रांती मोजायची तर आधी आकाशाचे विषुववृत्त डोळ्यांपुढे आणायला हवे. मृग नक्षत्रातल्या तिकांड्याने ते काम सोपे केले आहे. तिकांडे उगवते तेव्हा उभे असते, आणि त्यातला सर्वांत वरचा, आधी उगवणारा तारा जवळजवळ नेमका विषुववृत्तावर आहे. म्हणून तो वर्षभर ठीक पूर्वेला उगवतो आणि ठीक पश्चिमेला मावळतो. शेताच्या बांधाची दिशा तपासायला याहून चांगला साक्षीदार नाही.

या ताऱ्यापासून मुठीने खाली-वर मोजले की क्रांती मिळते. उदाहरणार्थ, मृगाच्या पायाशी असलेला राजन्य. मृग दक्षिणेला उंच आलेला असताना हा तारा विषुववृत्ताच्या पाऊण मुठीहून थोडा जास्त खाली भरतो, म्हणजे दक्षिण क्रांती आठ अंश. तिकांड्याच्या त्या ताऱ्याचा विषुवांश ५ तास ३२ मिनिटे हे एकदा पाठ केले, की राजन्य त्याच्या पश्चिमेला अर्धी मूठ, म्हणजे २० मिनिटे अलीकडे. आकडा येतो ५ तास १२ मिनिटे. पुस्तकात राजन्याचा पत्ता आहे ५ तास १५ मिनिटे आणि दक्षिण ८ अंश १२ कला. नुसत्या मुठीने इतके जवळ जाता येते हे पहिल्यांदा कळते, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

क्रांतीची दुसरी खूण डोक्यावर आहे. ज्या ताऱ्याची क्रांती आपल्या गावाच्या अक्षांशाइतकी, तो रोज एकदा बरोबर आपल्या माथ्यावरून जातो. आपल्या या पट्ट्याला असा एक ठळक, केशरी तारा लाभला आहे. तो म्हणजे स्वाती. तिची आजची क्रांती उत्तर १९ अंश ३ कला. मेच्या मध्यावर रात्री अकराच्या सुमारास अंगणात उताणे पडावे. शिरूरकरांच्या माथ्यापासून स्वाती चंद्राच्या अर्ध्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावर असते. दौंडला ती माथ्याच्या किंचित उत्तरेला, एका चंद्राहून थोडी अधिक सरकलेली.

आणि ही स्वाती स्थिर नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे सगळ्याच ताऱ्यांचे आकडे हळूहळू बदलत राहतात. शिवाय स्वातीची स्वतःची गतीही नजरेत भरण्याजोगी आहे. दोन्ही मिळून ती वर्षाला साडेअठरा विकलांच्या आसपास दक्षिणेकडे सरकते. २००० साली तिची क्रांती १९ अंश ११ कला होती. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या माथ्यावरून ती दहा वर्षांपूर्वीच पुढे गेली. साधारण २०७० च्या आसपास ती नेमकी शिरूरच्या माथ्यावर येईल, आणि २१४० च्या आसपास दौंडच्या. आज शाळेत असलेली मुले म्हातारपणी शिरूरच्या ओट्यावरून ती पाहू शकतील.

आकाशाचे शून्य

विषुवांश लोकांना क्रांतीपेक्षा अवघड वाटतो, कारण त्याचे शून्य डोळ्यांना दिसत नाही. वसंतसंपाताच्या जागी एकही ठळक तारा नाही. पण तिथे पोचायची सडक उत्तम आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्याजवळ असतो. त्याची पूर्वेकडची बाजू म्हणजे उत्तरा भाद्रपदा. ध्रुवापासून निघालेली रेघ शर्मिष्ठेच्या पश्चिम टोकाच्या ताऱ्यावरून, मग उत्तरेच्या दोन ताऱ्यांवरून दक्षिणेला न्यायची, आणि चौकोनाची बाजू जितकी लांब, म्हणजे सुमारे दीड मूठ, तितकीच आणखी खाली वाढवायची. तिथे वसंतसंपात. ही रेघ म्हणजे आकाशाचे शून्य वाजणे. तिच्या पूर्वेला तिकांडे साडेपाचच्या ठोक्यावर, सप्तर्षींतला अत्री आणि उत्तरा फाल्गुनी बाराच्या आसपास, अभिजित साडेसहा वाजून गेल्यावर, पण संध्याकाळच्या, म्हणजे साडेअठराच्या पुढे.

पंचांग वाचणाऱ्याला इथे शंका येईल. राशिचक्राची सुरुवात तर अश्विनीपासून, मग शून्य उत्तरा भाद्रपदेत कसे? पूर्वी संपात अश्विनीच्या आरंभी होता. अक्षाच्या त्याच डुलण्यामुळे तो मागे सरकत आज चोवीस अंशांहून जास्त पश्चिमेला आला आहे. निरयन पंचांगाने जुने शून्य ठेवले, जगाच्या तारापटांनी खरा संपात धरला. सायन-निरयनाचा वाद महाराष्ट्रात केवढा गाजला, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ साली प्रसिद्ध झालेला भारतीय ज्योतिषाचा इतिहास वाचावा, म्हणजे त्या वादामागचा व्यासंगही दिसतो. त्याच दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे पुस्तक सामान्य वाचकांसाठी लिहिले. ग्रंथात गढलेला हा पंडित लोकांना अंगणात यायचे आमंत्रण देत होता.

आपल्या परंपरेत अक्षांशासाठीही एक घरगुती माप होते. बारा अंगुळांचा शंकू उन्हात उभा करायचा आणि संपाताच्या दिवशी मध्यान्ही त्याची सावली मोजायची. तिला पलभा म्हणत. दौंडची पलभा जवळजवळ बरोबर चार अंगुळे येते, शिरूरची त्याहून नखभर जास्त. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचले, त्यात ज्या-कोज्यांची कटकट टाळून गावागावाचे गणित या पलभेवर बसवले. म्हणजे पंचांगाच्या मुळाशी सावली होती आणि सावली बघणारा डोळा होता.

ही सावली मोजताना घड्याळावर विसंबू नये. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आणि दौंड साडेचौऱ्याहत्तरच्या जरा पुढे. आठ अंशांना थोडे कमी, म्हणून दौंडची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३२ मिनिटे मागे. त्यात सूर्याच्या चालीतला वर्षभराचा मागेपुढेपणा मिळवला की २१ मार्चला तिथली खरी मध्यान्ह १२ वाजून ३९ मिनिटांनी होते. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाली आणि रेल्वेच्या वेळापत्रकाची सोय झाली. दौंड जंक्शनच्या फलाटावरच्या खांबाची सावली मात्र अजून दौंडच्याच वेळेने आखूड होते.

ध्रुव आणि अगस्त्य

आता तो तराजू. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला पाहावे. व्याध उंच तळपत असतो. त्याच्या साडेतीन मुठी खाली, किंचित उजवीकडे, रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा असतो, तो अगस्त्य. पंचांगात ज्याच्या दर्शनाची आणि लोपाची नोंद असते, ज्याच्या उदयाने पाणी निवळते असे जुनी काव्ये सांगतात, तोच हा. त्याची दक्षिण क्रांती ५२ अंश ४२ कला. दौंडहून तो ठीक दक्षिणेला येतो, तेव्हा क्षितिजापासून १८ अंश ५० कला उंच असतो.

त्याच क्षणी मागे वळून ध्रुवाकडे पाहायचे. ध्रुवतारा अढळ म्हणतात, पण तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून ३८ कला दूर आहे आणि त्याच्याभोवती रोज एक छोटी फेरी घालतो. अगस्त्य दक्षिणेला उभा असताना ध्रुवतारा या फेरीत बिंदूच्या २४ कला वर असतो. दौंडचे अक्षांश १८ अंश २८ कला, त्यात २४ कला मिळवा. ध्रुवताऱ्याची उंची १८ अंश ५२ कला. म्हणजे उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्त्य, दोन्ही पारडी बरोबर एका उंचीवर. फरक दोन-तीन कलांचा, डोळ्याला न कळणारा.

शिरूरला या. माणूस २२ कला उत्तरेला सरकला, म्हणून ध्रुव २२ कला वर गेला आणि अगस्त्य तितकाच खाली आला. फरक दुप्पट झाला. शिरूरहून ध्रुव अगस्त्यापेक्षा पाऊण अंशाने उंच दिसतो, म्हणजे दीड चंद्राइतका. एका ताऱ्याने जो फरक हाती लागत नव्हता, तो दोन ताऱ्यांच्या तराजूने दाखवला.

मोजायची युक्ती सोपी आहे. पुठ्ठ्यावर ५७ सेंटिमीटर त्रिज्येचा वर्तुळाचा पाव भाग आखायचा. एवढ्या त्रिज्येवर एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश. कोपऱ्यातून ओळंबा सोडायचा, एका कडेने तारा नेमायचा आणि दुसऱ्याने दोरीखाली पेन्सिलीची खूण करायची. आधी अगस्त्याची, मग ध्रुवाची. आम्ही मुलांबरोबर हा प्रयोग केला, तेव्हा दौंडकडच्या माळावर दोन्ही खुणा एकमेकींवर बसल्या आणि शिरूरला त्यांच्यात जवळपास आठ मिलिमीटर अंतर पडले. वारा असला तर ओळंबा हलतो, म्हणून प्रत्येक ताऱ्याच्या पाच-सहा खुणा करून मधली धरायची. नकाशावर दोन्ही गावांमधले निव्वळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४१ किलोमीटर आहे. २२ कलांना ४१ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक सातवीतल्या मुलीने फळ्यावर सोडवले. उत्तर आले चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास. शिरूर ते दौंड या रस्त्यावर पृथ्वीचा परीघ सापडला!

खालचे आकाश

या जिल्ह्याला आकाश नवे नाही. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यामागे गोविंद स्वरूप यांची दृष्टी होती. आंबेगाव तालुक्यात गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे. खोडदच्या अँटेनांनाही शेवटी ताऱ्याचे तेच दोन आकडे द्यावे लागतात.

पण रेडिओ दुर्बिणीला दिव्यांचा उजेड आडवा येत नाही, आपल्या डोळ्याला येतो. आणि इथे एक गोष्ट मला फार लागते. आपल्या अक्षांशावर ध्रुव आणि अगस्त्य दोघेही क्षितिजापासून दोनच मुठी वर आहेत. उजेडाचा धुरळा सर्वांत आधी हाच पट्टा गिळतो. शिरूरच्या नैर्ऋत्येला रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीचा पिवळट उजेड, ईशान्येला सुप्याचा. दौंडच्या नैर्ऋत्येला कुरकुंभ, आणि गावात जंक्शनच्या यार्डाचे दिवे. कारखाने आले, त्यांनी घरे उभी केली, त्यांच्याबद्दल तक्रार करावी असे मला वाटत नाही. पण रस्त्यावरचा दिवा खाली रस्त्यावर पडावा, वर आकाशात कशाला? त्याला एक टोपी घातली तर वीज वाचेल आणि ध्रुवही वाचेल. माथ्यावरची स्वाती गावातूनही दिसत राहील. ती कुठल्या गावाच्या माथ्यावर आहे हे ओळखायला लागणारा ध्रुव मात्र दिसणार नाही.

खरे अंधारे आकाश आज कुणाच्या वाट्याला येते? रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून उसाला दारे धरायला गेलेल्या शेतकऱ्याच्या. त्याला तिकांडे दिसते, अगस्त्य दिसतो, पण त्याचे कान उसातल्या खसखशीकडे असतात, कारण या भागात बिबट्याचे भय खरे आहे. शेतीला दिवसा वीज द्या ही त्याची मागणी रास्तच आहे. आकाश हौसेने पाहायची गोष्ट आहे, जिवावर उदार होऊन नव्हे. तेव्हा प्रयोगाला निघताना एकट्याने जाऊ नये, उसाच्या कडेला बसू नये; मोकळा माळ किंवा शाळेची गच्ची बघावी आणि चार-पाच जण मिळून जावे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साडेनऊपर्यंत मुले जागी राहू शकतात. पुठ्ठा, दोरी, ओळंब्याला एखादा नट आणि पेन्सिल, एवढेच सामान. एका गटाने शिरूरला थांबावे, दुसऱ्याने दौंडला, आणि खुणा झाल्या की एकमेकांना फोन करून दोन्हींतले अंतर सांगावे. फोनचा एवढा उपयोग मला मनापासून मान्य आहे.